टाकाऊ, टिकाऊ आणि वस्त्राचा जोड

टाकून दिलेल्या व जुन्या वस्त्रांतून नवा वेष घडविण्याच्या कलेची चर्चा मराठीत बहुधा ‘टाकाऊतून टिकाऊ’ या एकाच शब्दप्रयोगापाशी येऊन थांबते. अनुप्रासामुळे तो जिभेवर सहज बसतो. समीक्षेला मात्र तो फार पुरत नाही. वस्तू टाकाऊ कोणी ठरविली आणि ती कोणाच्या अंगावर टिकावयाची, हे दोन्ही प्रश्न त्यात गळून पडतात. वरोऱ्याच्या परिसरात तर ते गाळून चालणारच नाही.

वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी 1951 मध्ये आनंदवन उभे केले, ते खडकाळ माळावर आणि समाजाने दूर लोटलेल्या कुष्ठरुग्णांना बरोबर घेऊन. पुढे तेथे हातमाग आले, डॉ. विकास आमटे यांनी जुने टायर व प्लास्टिक बांधकामात वापरले. याचे वर्णन करताना लेखकाला एक मोह होतो : टाकलेली जमीन, टाकलेली माणसे, टाकलेल्या वस्तू अशी तिपेडी उपमा गुंफण्याचा. उपमा दिसावयास देखणी आहे, परंतु तीत माणूस चिंधीच्या पंगतीस जाऊन बसतो. बाबांची भूमिका नेमकी याच्या उलट होती. दानाने माणूस खचतो व कामाने उभा राहतो, असे ते मानीत. तेव्हा आनंदवनाच्या मागावरील कापडाची पारख त्याच्या विणीवरून आणि काठाच्या सफाईवरूनच व्हावयास हवी. करुणेपोटी विकत घेतलेले वाईट कापड हेही दानच होय. एवढेच की, त्याची पावती मिळते.

जुन्या वस्त्राची पुनर्रचना मराठी घराला नवी नाही. नऊवारी लुगडे एका जागी विरले की तेवढा भाग कापून काढीत व उरलेली धड टोके जोडीत. त्या जोडास दंड म्हणत. दंडानेही भागेनासे झाले म्हणजे त्याच लुगड्याची झबली, दुपटी, गोधडीचे थर, पोतेरे आणि अखेरीस काकडा होई. धुऊन धुऊन खळ निघून गेलेले सुती कापड मऊ पडते. तान्ह्या मुलाच्या दुपट्याला जुनेच लुगडे लागे ते यासाठी. गोधडीतील धावदोरा आज नक्षी म्हणून वाखाणला जातो. वस्तुतः तो विरलेल्या थरांना परस्परांच्या आधाराने धरून ठेवतो. तो काढून घेतला तर गोधडीच उरत नाही. उपयोग आणि शोभा यांची अशी एकजीव अवस्था नव्या वेषरचनेत क्वचितच आढळते.

तथापि दंडाचे लुगडे हे गरिबीचे चिन्ह होते, मिरविण्याची वस्तू नव्हती. आजचा रचनाकार तोच जोड उघडा मांडतो. पुण्यातील करिश्मा शहानी खान यांच्या ‘का-शा’ने ‘हार्ट टू हाट’ या उपक्रमात जुनी वस्त्रे व कात्रणे यांना नवे रूप दिले आहे. जोड लपविण्याचा खोटेपणा अशा कामात टळतो, हा त्याचा खरा गुण. परंतु ठिगळ मिरविता येते ते घरी धड वस्त्र असलेल्यालाच, हेही विसरता येत नाही.

विनयपिटकात पांसुकूल चीवर सांगितले आहे : धुळीतून उचललेल्या चिंध्यांचे. महावग्गातील कथेप्रमाणे मगधातील शेतांचे बांध पाहून आनंदाने चीवराच्या तुकड्यांची मांडणी बेतली. भिक्षूने ते वस्त्र स्वेच्छेने पत्करले. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात मात्र प्रेतावरची वस्त्रे चांडाळावर लादलेली आहेत. द्रव्य जवळजवळ एकच, अर्थ परस्परविरुद्ध. डिसेंबर 1927 मध्ये महाड येथे डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना जात ओळखू येईल असा पेहराव व दागिने सोडावयास सांगितले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास शुभ्र वस्त्रांत लोक दीक्षेला जमले, आणि दोनच दिवसांनी चंद्रपुरास दीक्षा झाली. ज्या जिल्ह्याला ही स्मृती आहे तेथे दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेले कापड केवळ ‘विंटेज’ म्हणून पुढे करणे, हे रसिकतेचे नव्हे तर अज्ञानाचे लक्षण ठरेल.

आणखी एक अडचण कापडाचीच आहे. आज टाकला जाणारा कपडा पुष्कळदा कापूस व पॉलिस्टर यांच्या मिश्रणाचा असतो. तो लुगड्यासारखा मुरत नाही, आणि त्यातील तंतू वेगळे करणेही कठीण जाते. गोधडीचे शास्त्र त्याला जसेच्या तसे लागू पडत नाही. म्हणून कात्रणांच्या ढिगापाशी आरंभ करणाऱ्या रचनाकारापेक्षा पहिल्या कापणीचा विचार करणारा अधिक दूरचे पाहतो. गुळेदगुड्डच्या खणाचा पन्हा चोळीच्या बेतानेच विणलेला असे. शिंप्याच्या कात्रीखाली थोडेच पडे, आणि गोधडीच्या वाट्यालाही थोडेच येई.