‘निर्मूलन’ या संज्ञेची मर्यादा

सांडपाण्यातील किरणोत्सर्गी धातू हायड्रोजेलच्या साहाय्याने काढून घेण्याच्या क्रियेस इंग्रजी संशोधननिबंधांत ‘रिमूव्हल’ म्हणतात. त्यास ‘निर्मूलन’ हा मराठी पर्याय स्वीकारल्यास अर्थहानी होते. निर्मूलनात मूळच उखडले जाणे अभिप्रेत असते. येथे तसे काही घडत नाही.

हायड्रोजेल म्हणजे पाण्याने फुगणारे, परंतु पाण्यात न विरघळणारे बहुवारिकांचे जाळे. त्याने पाणी सामावून घेणे हे शोषण होय. जाळ्यावरील अमिडॉक्झाइमसारख्या गटांनी युरेनिल आयन बांधून ठेवणे हे अधिशोषण. दोहोंस एकच शब्द योजला की पदार्थाचा खरा गुण, म्हणजे धातूची निवड, दृष्टिआड होतो. ही निवडही निरपवाद नव्हे. समुद्राच्या पाण्यातून युरेनियम मिळविण्याच्या प्रयोगांत व्हॅनेडियम याच गटांना बिलगते. तेव्हा शुद्ध द्रावणात मोजलेली धारणक्षमता अनेक क्षारांनी युक्त अशा सांडपाण्यास जशीच्या तशी लागू करणे सयुक्तिक नाही.

याहून गंभीर मुद्दा निराळाच आहे. सीझियम-१३७ चा अर्धायुकाल सुमारे ३० वर्षे, तर युरेनियम-२३८ चा सुमारे ४४७ कोटी वर्षे आहे. जेलमध्ये अडकल्याने हे काल घटत नाहीत. पाणी स्वच्छ होते; जेल मात्र किरणोत्सर्गी होते. आम्लाने धुतल्यास धातू त्या आम्लात उतरतो. ‘निर्मूलन’ म्हणताच ही शेष जबाबदारी वाक्यातून नाहीशी होते. ‘विलगीकरण’ ही संज्ञा कमी आकर्षक, परंतु अधिक प्रामाणिक आहे. कारण विलग केलेले कोठे ठेवले, हा प्रश्न ती जिवंत ठेवते.