वाचकाचा वेळ – कोणत्या वाचकाचा?
(रंगनाथनांचे चौथे सूत्र आणि विद्यापीठाच्या शाखांमधील ग्रंथ-मागणी)

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली, त्यांपैकी 'वाचकाचा वेळ वाचवा' हे चौथे सूत्र सोयीचे म्हणून वारंवार उद्धृत होते आणि क्वचितच तपासले जाते. विद्यापीठाच्या एका शाखेतील ग्रंथ दुसऱ्या शाखेतील वाचकास मागणीवरून पोहोचविण्याची जी व्यवस्था असते, तिचे समर्थनही बहुधा ह्याच सूत्राने केले जाते. विद्यार्थ्याची खेप वाचली, त्याचा वेळ वाचला, एवढ्यावर विचार थांबतो. हे समर्थन अपुरे आहे आणि त्या अपुरेपणाचे मूळ सूत्राच्या मांडणीतच आहे, असे मला वाटते.

मूळ ग्रंथातील ह्या सूत्राचे प्रकरण पुन्हा वाचण्यासारखे आहे. रंगनाथन तेथे जणू वाचकाच्या मागोमाग चालतात. बंदद्वार पद्धतीत चिठ्ठी देऊन ताटकळत राहण्यात वाचकाचा किती वेळ खर्ची पडतो येथून आरंभ करून ते मुक्तद्वार पद्धती, फडताळांची रचना, मार्गदर्शक फलक, तालिकेतील नोंदी, देवघेवीची रीत असे टप्पे एकामागून एक घेतात. सेवकवर्गाच्या वेळेचा आणि ग्रंथालयाच्या स्थानाचाही विचार ते सोडीत नाहीत. १९२४ पासून मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रत्यक्ष काम केलेल्या माणसाचे हे निरीक्षण आहे आणि त्याची बारकाई आजही थक्क करते. परंतु ह्या विवेचनातील वाचक एकटा आहे, आणि तो इमारतीत हजर आहे. ही दोन गृहीते कोठे बोलून दाखविलेली नाहीत. तरी सर्व युक्तिवाद त्यांवर उभा आहे.

शाखांमधील मागणीत ही दोन्ही गृहीते ढासळतात. मागणी करणारा वाचक दूर आहे. तो काय करीत वाट पाहतो आहे हे देवघेव-कक्षातील सेवकाला दिसत नाही. आणि ग्रंथ ज्या फडताळावरून निघाला तेथे दुसरा एक वाचक येतो, तालिकेत नोंद पाहतो, बोधांक टिपून घेतो आणि रिकाम्या जागेसमोर उभा राहतो. एकाचा वेळ वाचला तो दुसऱ्याच्या वेळातून. 'वाचकाचा वेळ' ह्या एकवचनी प्रयोगाने ही गोष्ट झाकली जाते.

संशोधन करीत असताना मला स्वतःला हा अनुभव आला. कोणत्या संस्थेत, हे सांगण्याची आवश्यकता नाही. हवा असलेला ग्रंथ मूळ शाखेतून 'रवाना' झाल्याची नोंद होती. माझ्या शाखेत तो 'प्राप्त' झाल्याची नव्हती. दोन्ही ठिकाणचे सेवक आपापल्या परीने खरे बोलत होते. अकराव्या दिवशी तो ग्रंथ माझ्याच शाखेतील एका टेबलाखाली, न उघडलेल्या किंतानी पिशवीत सापडला. वाईट वाटले ते अकरा दिवसांचे नव्हे. त्या काळात तो ग्रंथ कोणाच्याच जबाबदारीवर नव्हता, आणि मूळ शाखेत त्याच्यासाठी आणखी दोघे येऊन परत गेले होते, ह्याचे वाईट वाटले.

ह्याच्या अगदी विरुद्ध टोकाचे उदाहरण ऑक्सफर्डचे आहे. बॉडली ग्रंथालय १६०२ मध्ये उघडले ते ग्रंथ बाहेर न देण्याच्या नियमावर. १६४५ मध्ये राजा पहिला चार्ल्स ह्याने एक ग्रंथ मागविला असता ग्रंथपालाने त्यास नियम दाखविला, आणि १६५४ मध्ये क्रॉमवेललाही तेच उत्तर मिळाले. ह्या कथा ग्रंथपालाच्या करारीपणासाठी सांगितल्या जातात. मला त्यांत दुसरेच महत्त्व दिसते. तेथील मागणी ही ग्रंथ घरी नेण्याची नसून तो अमुक एका वाचनकक्षात आणून ठेवण्याची असते. त्यामुळे ग्रंथ प्रवास करतो, पण कोणाच्या खाजगी ताब्यात जात नाही, आणि तो कोठे आहे हे दुसऱ्या वाचकालाही सांगता येते. भांडाराची न्यू बॉडली ही इमारत आणि जुनी इमारत ह्यांच्यामध्ये जमिनीखालून ग्रंथ वाहून नेणारा यांत्रिक पट्टा २०१० पर्यंत चालू होता. (ह्या न्यू बॉडलीचे शिल्पकार सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट. त्यांचे आजोबा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट ह्यांनी मुंबई विद्यापीठाचे फोर्टातील ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा ह्यांचा आराखडा केला होता. त्याच विद्यापीठाचा ग्रंथसंग्रह पुढे फोर्ट आणि कालिना अशा दोन ठिकाणी विभागला जावा, हा योगायोग गमतीचा खरा.)

२०१० मध्ये स्विंडनजवळ, ऑक्सफर्डपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, बॉडलीचे नवे भांडार सुरू झाले आणि तेथून मोटारीने ग्रंथ वाचनकक्षांत येऊ लागले. ही व्यवस्था पाहून आपण हुरळून जाण्यापूर्वी तिची किंमत लक्षात घ्यावी. त्या भांडारात ग्रंथ विषयवार लावलेले नाहीत. आकारमानानुसार ते पेट्यांत भरलेले असून त्यांचा पत्ता पट्टीसंकेतावरून यंत्रालाच कळतो. तेथे वाचक फडताळापुढे उभा राहूच शकत नाही. रिकाम्या जागेचा प्रश्न सुटला, तो जागा पाहणाराच नाहीसा करून. ज्या मुक्तद्वार पद्धतीसाठी रंगनाथन हिरिरीने भांडले, तिचाच त्या भांडारापुरता त्याग करावा लागला. तत्पर पोच आणि उघडे फडताळ ह्या दोन्ही गोष्टी एकाच प्रतीकडून पूर्णपणे मिळत नाहीत, हे ह्या उदाहरणावरून मान्य करावे लागेल.

आपल्या विद्यापीठांतील शाखा-ग्रंथालये उघड्या फडताळांची आहेत आणि तशीच राहावीत. तेव्हा प्रश्न उरतो तो क्रमाचा. एका प्रतीवर दोघांचा हक्क आला तर आधी कोणाला द्यावयाचे? हा निर्णय आता पुष्कळ ठिकाणी संगणक-प्रणाली घेते. अधिक नेमके बोलावयाचे तर, प्रणालीत कोणीतरी कधीतरी करून ठेवलेली निवड तो घेते. न्यूझीलंडमध्ये १९९९ साली लिहिली गेलेली आणि आज भारतातही अनेक ग्रंथालयांत वापरात असलेली 'कोहा' ही प्रणाली घ्या. मागण्या सामान्यतः तारखेच्या क्रमाने पुऱ्या कराव्यात, ही तिची सर्वसाधारण रीत. परंतु स्थानिक वाचकास अग्रक्रम देण्याची वेगळी सोय तीत आहे; ती चालू केली तर त्याच शाखेचा वाचक मागाहून येऊनही दूरच्या वाचकाच्या पुढे जातो. कोणत्या शाखेच्या प्रतीतून मागणी भागवावयाची ह्यासाठी शाखांची ठरावीक यादी देता येते, यादृच्छिक निवड करता येते, किंवा शाखा-शाखांमधील वाहतुकीच्या खर्चाचा तक्ता भरून त्यावर ती सोपविता येते. ठरावीक यादी दिली तर पहिल्या क्रमांकाच्या शाखेचे फडताळ सतत ओस पडत राहील हे उघड आहे. खर्चाचा तक्ता भरला तर जवळच्या शाखेवर तो भार पडेल.

ह्यांतील कोणतीही निवड केवळ तांत्रिक नाही. प्रत्येकीत कोणा वाचकाचा वेळ महाग आणि कोणाचा स्वस्त, ह्याचा निवाडा दडलेला आहे. असे असता ह्या निवडी ग्रंथालय-समितीपुढे येत नाहीत. प्रणाली बसविणारा तंत्रज्ञ आपल्या सोयीने त्या करतो आणि पुढे कित्येक वर्षे त्यांना हात लागत नाही. माझा कौल स्थानिक अग्रक्रमाच्या विरुद्ध आहे. मुख्य आवाराबाहेरील शाखेत आधीच ग्रंथ थोडे. तेथील विद्यार्थ्याला रांगेतही मागे ढकलले तर दुसऱ्या सूत्रातील 'प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ' ह्या वचनाचा अर्थ मध्यवर्ती आवारापुरताच उरतो. ह्या मताला एक रास्त आक्षेप आहे: फडताळावरून ग्रंथ हाती घेऊन आलेल्या वाचकाच्या हातून तो काढून घेणे क्रूरपणाचे होईल. ते मला मान्य आहे, आणि हाती आलेला ग्रंथ देऊन टाकावा, एवढा अपवाद मी करीन.

रंगनाथनांना ह्या संघर्षाची अजिबात कल्पना नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. दुसऱ्या सूत्राच्या विवेचनात त्यांनी शासन, ग्रंथालयाचे चालक आणि सेवक ह्यांच्याबरोबर वाचकाचीही कर्तव्ये सांगितली आहेत. दुसऱ्या वाचकाची जाणीव तेथे आहे. ती चौथ्या सूत्रापर्यंत आली नाही, इतकेच. ती आणून जोडली की शाखांमधील मागणीच्या व्यवस्थेकडून काही साध्या अपेक्षा निर्माण होतात. ग्रंथ निघाला की त्याच्या जागी पुठ्ठ्याची खूण ठेवून तीवर तो कोठे गेला व केव्हा परत अपेक्षित आहे हे लिहावे. यंत्रातील नोंद फडताळापुढे उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. ग्रंथ वाटेत असेपर्यंत तो पाठविणाऱ्या शाखेच्या जबाबदारीवर राहावा. ठरावीक दिवसांपेक्षा अधिक काळ वाटेत असलेल्या ग्रंथांची यादी कोहासारखी प्रणाली आपण होऊन दाखविते. ती रोज उघडून पाहणारे माणूस नेमलेले असावे. किंतानी पिशवी कोणतीही प्रणाली उघडीत नाही.

सर्वांत दुर्लक्षित भाग आहे तो न भागलेल्या मागण्यांचा. वाट पाहून कंटाळलेला विद्यार्थी मागणी रद्द करतो आणि दप्तरात ती 'रद्द' म्हणूनच राहते. परीक्षा उलटून गेली म्हणून रद्द केली, की अन्यत्र प्रत मिळाली म्हणून, हा भेद पुसला जातो. कारण नोंदविले तर तीच खरेदी-समितीसाठी उत्तम सामग्री आहे. एकाच ग्रंथासाठी एकाच शाखेकडून वर्षातून तीन-चारदा मागणी येत असेल तर तेथे दुसरी प्रत घेणे हे पिशवी फिरविण्यापेक्षा स्वस्त पडेल.

मराठीच्या अभ्यासकाला मात्र हा उपाय नेहमी लागू पडत नाही. 'विविधज्ञानविस्तारा'च्या किंवा 'निबंधमाले'च्या जुन्या बांधीव खंडांची दुसरी प्रत बाजारात विकत मिळण्याजोगी नसते, आणि एका लेखासाठी सबंध खंड हलविला की त्याची शिवण प्रत्येक खेपेला थोडी अधिक सुटते. अशा मागणीला लेखाची छायाप्रत पाठवून उत्तर द्यावे. चिपळूणकरांच्या लेखनावरील स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच संपली आहे. जेथे मूळ खंडच पाहणे अटळ असेल, कागद, पृष्ठांकन किंवा जाहिराती तपासावयाच्या असतील, तेथे खंड हलू नये, वाचकाने जावे. पण मग नकाराच्या त्याच चिठ्ठीवर वाचनकक्ष कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत उघडा आहे आणि खंड त्याच्यासाठी टेबलावर काढून ठेवलेला असेल की नाही, एवढे लिहिलेले असले पाहिजे.