जाणणे आणि करणे : समाजकार्यशिक्षणातील दोन ग्रंथांचा विचार

समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात वर्गातील अध्ययन आणि क्षेत्रकार्य असे दोन भाग करण्याची पद्धत आता इतकी रुळली आहे की, या दोन भागांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वर्गात ज्ञान मिळते व क्षेत्रात त्याचा वापर होतो, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक खरे असते, तर उत्तम गुण मिळविणारा प्रत्येक विद्यार्थी उत्तम कार्यकर्ता झाला असता. तसे होत नाही, हे अध्यापकांस व विद्यार्थ्यांस सारखेच ठाऊक आहे. तेव्हा ज्ञान आणि कौशल्य यांच्यामध्ये जे अंतर पडते त्याचे स्वरूप तपासणे प्राप्त आहे. या दृष्टीने मेरी रिचमंड यांचा 'सोशल डायग्नोसिस' (१९१७) आणि बर्था रेनॉल्ड्स यांचा 'लर्निंग अँड टीचिंग इन द प्रॅक्टिस ऑफ सोशल वर्क' (१९४२) हे दोन अमेरिकन ग्रंथ शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. पहिल्यात कार्यकर्त्याने काय जाणावे हे सांगितले आहे. दुसऱ्यात जाणलेले हातात कसे उतरते याचा शोध आहे. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. पण दोन्ही मिळूनही काही प्रश्न शिल्लक राहतात.

रिचमंड यांच्या ग्रंथामागील निकड प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. १९१५ साली बाल्टिमोर येथे भरलेल्या परिषदेत अब्राहम फ्लेक्सनर यांनी समाजकार्य हा व्यवसाय म्हणावा काय, असा प्रश्न उपस्थित केला. वैद्यकीय शिक्षणावरील १९१० सालच्या अहवालामुळे त्यांच्या मताला वजन होते. ज्याला स्वतःचे निश्चित क्षेत्र आहे व शिकविता येण्याजोगे तंत्र आहे, तोच व्यवसाय, ही त्यांच्या कसोट्यांपैकी एक होती. आणि या कसोटीवर समाजकार्य उतरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. दोनच वर्षांनी 'सोशल डायग्नोसिस' प्रसिद्ध झाला. तो केवळ उत्तरादाखल लिहिलेला नव्हता. त्यामागे अनेक वर्षांचा नोंदींचा अभ्यास होता. तथापि समाजकार्याचे तंत्र आहे व ते शिकविता येते, हे सिद्ध करण्याचे काम त्यानेच केले. रिचमंड स्वतः महाविद्यालयात शिकलेल्या नव्हत्या. १८८९ साली त्या बाल्टिमोरच्या धर्मादाय संघटन संस्थेत साहाय्यक कोषाध्यक्ष म्हणून रुजू झाल्या व प्रत्यक्ष कामातून शिकत गेल्या. १८९७ साली त्यांनीच अशा कार्यकर्त्यांसाठी प्रशिक्षणशाळेची मागणी केली होती. जे स्वतःस अनुभवाने मिळाले ते इतरांस पद्धतशीरपणे मिळावे, ही त्यांची तळमळ ग्रंथभर जाणवते.

या ग्रंथाचे खरे सामर्थ्य पुराव्याच्या विवेचनात आहे. कायदा, इतिहास आणि तर्कशास्त्र यांचा आधार घेऊन रिचमंड यांनी प्रत्यक्ष दिसलेली वस्तुस्थिती, दुसऱ्याने दिलेली साक्ष आणि परिस्थितीवरून काढलेले अनुमान यांची फारकत केली. साक्ष देणाऱ्यास ती गोष्ट कळण्याची संधी होती काय, त्याचा कल कोणीकडे आहे, प्रश्नातूनच उत्तर सुचविले गेले काय, हे तपासण्याची शिस्त त्यांनी घालून दिली. नातेवाईक, शाळा, मालक, वैद्य, शेजारी, कागदपत्रे अशा प्रत्येक साधनाचे मोल व धोके त्यांनी वेगळे मांडले. दानधर्माच्या क्षेत्रात, जेथे 'लायक' आणि 'नालायक' गरीब असे शिक्के मारण्याची सवय होती, तेथे ही शिस्त म्हणजे नैतिक क्रांतीच होय. माणसाविषयी मत बनविण्यापूर्वी त्या मताचा आधार सांगता आला पाहिजे, हा तिचा गाभा.

परंतु ग्रंथाच्या उत्तरार्धातील प्रश्नावल्यांचे भाग्य वेगळे ठरले. परागंदा पतीचे कुटुंब, उपेक्षित बालक, अविवाहित माता, अंध अशा निरनिराळ्या प्रसंगांसाठी रिचमंड यांनी प्रश्नांच्या याद्या दिल्या. मात्र त्या सेवार्थीस विचारण्यासाठी नव्हेत, तर कार्यकर्त्याच्या मनात कोणती बाजू सुटली आहे याची आठवण देण्यासाठी आहेत, असेही बजावले. छापील यादीचा स्वभाव मात्र असा की, ती हातात आली म्हणजे भरण्याचा मोह होतो. इशारा मागे पडतो आणि रकाने पुढे येतात. आज क्षेत्रकार्यात जे नमुने भरून घेतले जातात, त्यांत इशारा विसरलेल्या या वृत्तीचे दर्शन घडते.

रिचमंड यांच्या विवेचनात मुळातच एक उणीव आहे. निदान हा शब्द वैद्यकातून उचलला आहे. त्याबरोबर अशी कल्पनाही येते की, तपास पुरा झाला, निदान ठरले, की मग उपचार सुरू होतो. वस्तुतः पहिल्या मुलाखतीतील पहिला प्रश्न हीच कृती असते. तिचा परिणाम समोरच्या माणसावर होऊन चुकलेला असतो. विचारणारा कोण, तो कसा बसला, किती वेळ गप्प राहिला, यांवर मिळणारा पुरावाच बदलतो. पहिल्या मुलाखतीविषयी रिचमंड यांनी लिहिले आहे व ते मर्मग्राही आहे. पण विचारणाऱ्याच्या मनाची घडण हा त्यांचा विषय नव्हे. तेथे रेनॉल्ड्स यांचे काम सुरू होते.

स्मिथ कॉलेजच्या समाजकार्यशाळेत अनेक वर्षे अध्यापन केलेल्या रेनॉल्ड्स यांनी शिकणाऱ्या माणसाकडेच लक्ष वळविले. कोणतेही कौशल्य शिकताना माणूस पाच टप्प्यांतून जातो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पहिल्या टप्प्यात तो स्वतःच्याच जाणिवेने पछाडलेला असतो; आपले काय होईल, याखेरीज त्यास काही सुचत नाही. दुसऱ्यात तो बुडण्याच्या भयाने हातपाय मारतो व कसाबसा तरतो. तिसऱ्यात परिस्थिती समजू लागते, पण तीत आपण काय करतो यावर ताबा नसतो. चौथ्यात पुष्कळसे प्रभुत्व येते. पाचव्यात जे आले ते दुसऱ्यास शिकविण्याची पात्रता येते.

या मांडणीतील तिसरा टप्पा सर्वांत मोलाचा आहे. कारण ज्ञान म्हणजेच कौशल्य, या समजुतीचे खंडन त्यातच आहे. समजणे आधी येते, साधणे मागाहून. आणि मधला काळ अप्रतिष्ठेचा वाटला तरी अटळ असतो. गाण्याच्या तालमीत कान आधी तयार होतो आणि गळा मागाहून. सूर हलला हे शिष्याला कळते, पण तो लावता येत नाही. दोहोंत भेद एवढाच की, कच्च्या गळ्याचा त्रास फार तर ऐकणाऱ्यास होतो. समाजकार्यातील कच्चेपणाची किंमत मात्र एखाद्या त्रयस्थाच्या संसारास मोजावी लागते. म्हणूनच या टप्प्याचा प्रश्न केवळ अध्यापनशास्त्राचा राहत नाही.

एक कल्पित प्रसंग घेऊन हे पाहता येईल. समजा, क्षयाची औषधे अर्ध्यावर सोडलेल्या एका स्त्रीच्या घरी विद्यार्थिनी जाते. दाट वस्तीतील एका खोलीचे ते घर आहे. परतल्यावर ती नोंदीत लिहिते : 'सेवार्थी उदासीन असून कुटुंबाचे सहकार्य नाही.' रिचमंड यांच्या कसोटीस हे वाक्य क्षणभरही टिकणार नाही. त्यात एकही वस्तुस्थिती नसून दोन अनुमाने आहेत. प्रत्यक्ष घडले ते असे : स्त्रीने तीन प्रश्नांना नुसती मान हलविली, सासू उंबऱ्यात उभी होती, एका प्रश्नाचे उत्तर सासूनेच दिले, शेजारीण दारावरून दोनदा गेली. एवढे लिहिले असते तर दुसरी शक्यता आपोआप पुढे आली असती. ती स्त्री उदासीन नसेल. चारचौघांत बोलण्यास धजत नसेल, आणि आजार शेजाऱ्यांपासून लपविण्यासाठीच तिने औषधे सोडली असतील.

येथवर रिचमंड यांची शिस्त पुरते. पण समजा, त्या विद्यार्थिनीस हे सर्व वर्गात शिकविलेले होते. एकांतात भेटावे, घरातील वडीलधाऱ्यांशी प्रथम बोलावे, हे तिने परीक्षेत लिहिलेही होते. तरी त्या खोलीतील शांतता असह्य होऊन तिने मोठ्याने विचारलेच : 'ताई, गोळ्या का बंद केल्यात?' आणि जे लपविण्यासाठी त्या स्त्रीची धडपड होती, ते वस्तीभर झाले. येथे ज्ञानाची उणीव नव्हती. हा रेनॉल्ड्स यांचा तिसरा टप्पा होय. अशा विद्यार्थिनीस आणखी चार पुस्तके वाचण्यास सांगणे व्यर्थ आहे, आणि तिला नालायक ठरविणे अन्यायाचे आहे. तिच्याबरोबर बसून, शांतता नेमकी केव्हा असह्य झाली आणि त्या क्षणी तिने स्वतःस सावरले कसे असते, हे शोधणारा पर्यवेक्षक तिला हवा असतो. पुढील भेट औषधकेंद्रावर ठरविता येईल काय, सासूला 'मावशी' म्हणून आधी तिच्याच गुडघेदुखीची विचारपूस करता येईल काय, हे त्यातून सुचते.

याच प्रसंगातून दोन्ही ग्रंथांच्या मर्यादाही उघड होतात. दोघींनीही मुलाखत ही मुख्यतः दोन व्यक्तींमधील घटना मानली आहे. एका खोलीच्या बिऱ्हाडात, चाळीच्या गॅलरीत वा गावच्या ओसरीवर ती तशी क्वचितच असते. तेथे साक्ष देणारी व्यक्ती आणि ती ऐकणारा समाज एकाच वेळी हजर असतात. रिचमंड यांनी शेजाऱ्यांना माहितीचे एक साधन मानले. येथे तेच शेजारी माहिती अडवून धरतात. तसेच रेनॉल्ड्स यांचे टप्पे जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे वाचले, तर दिशाभूल होते. रुग्णालयात चौथ्या टप्प्यावर पोहोचलेला कार्यकर्ता अपरिचित जातीच्या, भाषेच्या वा व्यवसायाच्या वस्तीत गेला, की पुन्हा पहिल्या टप्प्यावर येतो. प्रभुत्व हे त्या त्या परिस्थितीपुरते असते.

महाराष्ट्रात प्रशिक्षणाची कल्पना आयात झालेली आहे, असे म्हणणेही पूर्णतः बरोबर नाही. १९०५ साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत सेवक समाजाने आपल्या सदस्यांसाठी पाच वर्षांची उमेदवारी आवश्यक मानली होती. केवळ सद्‌भावना पुरत नाही, हे गोखल्यांनी ओळखले होते. मात्र तेथील रोख सार्वजनिक जीवनावर होता, व्यक्तिसहाय्याच्या तंत्रावर नव्हता. १९३६ साली मुंबईत नागपाडा येथे सर दोराबजी टाटा यांच्या नावाने जी पदव्युत्तर समाजकार्यशाळा निघाली आणि १९४४ साली जिला टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले, तिच्यापासून व्यावसायिक शिक्षणाची परंपरा सुरू झाली. पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे त्याच भागातील नागपाडा नेबरहुड हाऊसचे काम पाहत होते. शाळा वस्तीतच जन्मली, या गोष्टीतील अर्थ पुढे विसरला जाऊ नये. विद्यार्थी तेथे 'क्षेत्रात जात' नव्हता; क्षेत्र वर्गाच्या दाराशी होते.

यातून अभ्यासक्रमाविषयी काही निष्कर्ष अपरिहार्यपणे निघतात. क्षेत्रकार्याची नोंद ही हजेरीची पावती नव्हे. पाहिलेले, ऐकलेले, अनुमानलेले आणि स्वतःच्या मनात उठलेले यांची चार वेगळी खाती तीत असली पाहिजेत. पहिली तीन रिचमंड यांची देणगी आहे, चौथे रेनॉल्ड्स यांचे. चुकीची प्रामाणिक नोंद करणाऱ्यास गुण कमी मिळत असतील, तर विद्यार्थी निर्दोष दिसणाऱ्या नोंदी लिहिण्यात निष्णात होतील. तेही एक कौशल्यच, पण समाजकार्याचे नव्हे. पर्यवेक्षकाकडे इतके विद्यार्थी सोपविले जातात की एकेकाची नोंद वाचणे अशक्य व्हावे, तेथे तिसरा टप्पा ओलांडण्याचा मार्गच बंद होतो. शेवटी, लेखी परीक्षा आकलन मोजते, म्हणजे फार तर तिसऱ्या टप्प्याची साक्ष देते. त्या साक्षीवर प्रभुत्वाची पदवी देणे म्हणजे पुराव्यापलीकडचे अनुमान काढणे होय. आणि नेमक्या याच दोषाविरुद्ध रिचमंड यांनी आपला ग्रंथ लिहिला होता.

हे दोन्ही ग्रंथ आज इतिहासाच्या अभ्यासक्रमात नामोल्लेखापुरते उरण्याची भीती आहे. त्यांचे खरे स्थान क्षेत्रकार्याच्या चर्चेत आहे. रिचमंड वाचून विद्यार्थी आपल्या मतांविषयी सावध होईल, रेनॉल्ड्स वाचून आपल्या अपुरेपणाविषयी निर्भय होईल. सावधपणा आणि निर्भयता एकाच माणसात नांदू लागली, म्हणजे वर्गात जाणलेले दुसऱ्याच्या दारात उपयोगी पडू लागते.