शालेय लॅपटॉप योजना आणि अध्ययन-परिणामांचे मापन : एक चिकित्सा
(विशेष संदर्भ : जालना जिल्हा)

प्रस्तावना : निकोलस निग्रोपाँटे यांची ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ ही संकल्पना केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ साली नाकारली. तरीही २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैरात येथील एकशिक्षकी शाळेत तिचा प्रयोग झाला. त्याच्या वृत्तान्तांत मुलांच्या उत्साहाचे वर्णन आढळते. परंतु उत्साह म्हणजे अध्ययन नव्हे. तसेच वीस-बावीस मुलांच्या एकाच शाळेवरून बदलाचे श्रेय यंत्राचे की शिक्षकाचे, हे ठरविता येत नाही.

तुलनात्मक पुरावा : पेरू देशात ३१९ ग्रामीण शाळांपैकी काहींची यादृच्छिक निवड करून लॅपटॉप देण्यात आले. सुमारे पंधरा महिन्यांनंतर गणित व भाषा या विषयांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. सर्वसाधारण आकलनक्षमतेत मात्र थोडी वाढ दिसली. याउलट बडोद्याच्या महापालिका शाळांत चौथीची दोन-दोन मुले एका संगणकावर आठवड्याला दोन तास गणिताचे खेळ खेळत; तेथे गणितातील प्रगती स्पष्ट दिसली. यावरून यंत्रांच्या संख्येपेक्षा मुलाच्या पातळीला अनुरूप आशय अधिक निर्णायक ठरतो, असे म्हणता येईल.

जालन्यातील प्रश्न : अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि मुलेही त्यांच्याबरोबर जातात. वर्षअखेरची चाचणी केवळ हजर मुलांची घेतल्यास ही मुले हिशेबातूनच गळतात. यातील दुसरी बाजू अधिक सूक्ष्म आहे. लॅपटॉपच्या ओढीने एखादे मूल आजीजवळ गावातच राहिले, तर अभ्यासात मागे पडलेले ते मूलही चाचणीस बसते. त्यामुळे वर्गाची सरासरी खाली येते आणि सफल योजना निष्फळ भासते. म्हणजेच सरासरी खरी असूनही निष्कर्ष चुकीचा निघू शकतो.

निष्कर्ष : येथे लॅपटॉप योजनेचे मूल्यमापन करावयाचे झाल्यास वाटपापूर्वीच प्रत्येक मुलाची पायाभूत चाचणी घ्यावी. शाळांची निवड चिठ्ठ्या टाकून करावी, कारण उत्साही मुख्याध्यापकांच्या शाळा आधी निवडल्यास तुलनाच उरत नाही. पटावरील प्रत्येक मुलाचा, ते फडावर असले तरी, शोध घेऊन त्याची चाचणी घ्यावी. किती यंत्रे वाटली हे साठा नोंदवहीतून कळते; कोण काय शिकले हे कळण्यासाठी गैरहजर मुलापर्यंत पोहोचावेच लागते.