रशियन यात्रेकरूची झोळी

एखाद्या ग्रंथाचा पहिल्या वाचनांत कंटाळा यावा, आणि पुढें वर्षांनीं तोच ग्रंथ हातीं आल्यावर आपल्या पूर्वीच्या अभिप्रायाची आपल्यालाच लाज वाटावी, असा प्रसंग वाचकाच्या आयुष्यांत एकदोनदां तरी येतो. रशियांतील एका अनाम यात्रेकरूच्या आत्मनिवेदनासंबंधीं आमचें असेंच झालें. फ्रेंच नांवाच्या इंग्रज धर्मोपदेशकानें १९३० सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. विद्यार्थिदशेंत तें आम्हीं ग्रंथालयांतून आणलें होतें. परंतु नामाची महती हरिपाठावर वाढलेल्या आम्हां मराठी लोकांना काय सांगावी, अशा तोऱ्यांत चाळीसएक पानें चाळून परत केलें. गेल्या वर्षीं पाय घसरून आमच्या घोट्याचें हाड मोडलें व दोन महिने अंथरुणावर काढावे लागले. त्या सक्तीच्या विश्रांतींत पुस्तक पुन्हां वाचलें, आणि पूर्वीं जें आमच्या दृष्टीलाच पडलें नव्हतें तें आतां पानोपानीं दिसूं लागलें: यात्रेकरूचे पाय, त्याचा हात आणि त्याची जवळजवळ रिकामी झोळी.

हें पुस्तक १८८१ सालीं काझान येथें छापलें गेलें, व १८८४ सालीं त्याची सुधारलेली आवृत्ति निघाली. मिखाईल कोझलोव्ह ह्या मठवासी साधूकडे त्याचें कर्तृत्व जातें, असा अलीकडील अभ्यासकांचा कल आहे. तसें असल्यास हें खरें आत्मचरित्र नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. आम्हांला त्याचें महत्त्व वाटत नाहीं. हें पुस्तक खरें वाटतें कीं नाहीं, आणि वाटत असल्यास कशामुळें, हा टीकाकाराचा प्रश्न आहे.

नायक ओऱ्योल प्रांतांतला. लहानपणीं मोठ्या भावानें चुलाण्यावरून ढकलल्यामुळें (रशियन शेतकरी चुलाण्याच्या ओट्यावर निजत असे, हें ध्यानांत ठेवावें) त्याचा डावा हात कायमचा लुळा पडला. आजोबांनीं खाणावळ त्याच्या नांवें केली. भावानें पैसा चोरून घर पेटवून दिलें. ह्यानंतरचीं दोन वर्षें बायको सूत कातून, शिवणटिपण करून दोघांचें पोट भरते, आणि हा तिच्याजवळ बसून बायबल वाचतो. कारण झाडाच्या सालीचे जोडे विणण्याइतकाहि त्याचा हात चालत नाहीं. ती तापानें गेल्यावर तो उरलेंसुरलें विकून टाकतो, कपडे गरिबांना वाटतो आणि अपंग म्हणून मिळालेला परवाना घेऊन चालूं लागतो. वैराग्य म्हणून ज्याचें वर्णन करण्याचा मोह कीर्तनकाराला आवरला नसता, त्याच्या मुळाशीं हा न चालणारा हात आहे. लेखक तें लपवीत नाहीं.

पैशाचा हिशेबहि असाच चोख आहे. अखंड प्रार्थना कशी करावी हें विचारीत तो हिंडतो. एक वृद्ध गुरु त्याला येशूचें नांव दिवसाला तीन हजार, मग सहा हजार, मग बारा हजार वेळां घ्यावयास लावतो. तो उन्हाळा तो एका शेतकऱ्याचा मळा राखण्यांत घालवतो. गुरु वारल्यावर त्याला 'फिलोकालिया' हा साधुवचनांचा ग्रंथ हवासा वाटतो. दुकानदार तीन रूबल मागतो, ह्याच्याजवळ दोनच. घासाघीस करूनहि दुकानदार ऐकत नाहीं. शेवटीं एका चर्चच्या सेवकाकडून जुनी, फाटकी प्रत दोन रूबलांना मिळते. पुढें पळपुटे सैनिक त्याला मारून झोळी लुबाडतात, तेव्हां तो भाकरीच्या सुक्या तुकड्यांसाठीं रडत नाहीं, त्या ग्रंथासाठीं दिवसचे दिवस रडतो. ती किंमत आपण पाहिलेली असते, म्हणून तें रडें आपल्याला पटतें.

ग्रंथाची कसोटी मात्र पुढें आहे. प्रार्थना अंगीं मुरल्यावर थंडी, भूक, पाठीची व पायांची वेदना कांहींच जाणवत नाहीं, कधींकधीं दिवसाला सत्तर वर्स्ट, म्हणजे सुमारें ७५ किलोमीटर, चालूनहि चाललों असें वाटत नाहीं, असें तो सांगतो. येथें आमच्यासारखा मोडक्या घोट्याचा वाचक पुस्तक खालीं ठेवावयास तयार होतो. परंतु लेखक त्याला तेथेंच सोडीत नाहीं. वसंतारंभीं एका सणाला प्रभुभोजनाचा विधि गांठावा म्हणून यात्रेकरू पावसाबर्फांतून रात्रंदिवस चालतो. ओढ्यावरचा बर्फ फुटून कमरेपर्यंत पाण्यांत जातो. ओल्या कपड्यांनीं उपासनेला उभा राहतो, आणि त्या रात्रीं पायांत असह्य कळा येऊन सकाळीं पाय हलेनासे होतात. चर्चच्या दाराशीं पडलेल्या ह्या माणसाला एक शेतकरी विचारतो, बरें केलें तर काय देशील? झोळींत सुके तुकडे आणि दोन पुस्तकें. मग उन्हाळाभर माझें काम कर. तर हात लुळा. अखेर मुलाला लिहावाचावयास शिकविण्याच्या बोलीवर सौदा ठरतो. शेतकरी जुनीं हाडें गोळा करतो, मडक्यांत भरून जमिनींत पुरलेल्या दुसऱ्या मडक्यावर पालथीं घालतो, वर जाळ करून तेल पाडतो, आणि तें चोळल्यावर पाय हळूहळू चालूं लागतात. प्रार्थनेनें पाय बरे झाले असें लेखकानें लिहिलें असतें तर कोणीं हरकत घेतली नसती. त्यानें हाडांचें तेल लिहिलें, ह्यांत ह्या पुस्तकाची सारी प्रामाणिकता आहे.

दोषहि आहेत. उत्तरार्धांत साधुवचनांचीं प्रवचनें लांबतात, आणि यात्रेकरूचें वाईट चिंतणारा जवळजवळ प्रत्येक माणूस सोयीस्करपणें सुधारतो. सॅलिंजर ह्या अमेरिकन कादंबरीकाराच्या १९६१ सालच्या 'फ्रॅनी अँड झुई'मधील तरुणी हेंच पुस्तक पर्शींत घेऊन हॉटेलांत बसते, समोरचें सँडविच तसेंच राहतें. तिनें ह्यांतली प्रार्थना उचलली, चालणें मात्र वगळलें, असें आम्हांला वाटतें.

आपल्याकडे दि. बा. मोकाशी ह्यांनीं १९६१ सालीं ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर पायीं जाऊन 'पालखी' लिहिली. ती निरीक्षकाची वही आहे. शिवाय वारकऱ्यामागें दिंडी असते. मुक्कामीं भाकरी शिजते, सुजलेल्या पायाला कोणी तरी तेल लावतो, आणि त्याबद्दल मुलाला शिकव म्हणत नाहीं. रशियन यात्रेकरूला रोजची रात्र परक्याच्या दारीं मागून घ्यावी लागते. त्यामुळें त्याच्या निवेदनांत माणसें अधिक तपशिलानें येतात: कोण दार उघडतो, कोण काय मागतो, कोण कसा निरोप देतो.

चार कथा संपतात तेव्हां जेरुसलेम दूरच असतें. जवळ एका व्यापाऱ्यानें ओडेसांतील आपल्या मुलाला लिहिलेली चिठ्ठी आहे, जहाजावर जागा मिळावी म्हणून. आणि सोबतीला एक ठार बहिरा म्हातारा, ज्याला काय विचारावयाचें तें कागदावर लिहून द्यावें लागतें.