‘ताण देणे’ आणि ‘ताण पडणे’ : व्यायामसूचनांच्या भाषेची एक चिकित्सा

मराठीतील व्यायामविषयक लेखन बहुतांशी आज्ञार्थी असते. ‘शक्य तितके वाका’, ‘दुखू लागताच थांबा’ अशा सूचनांमागे एक गृहीतक असते: शरीर आपली मर्यादा आपणच सांगते. एलर्स-डॅनलॉस लक्षणसमूहाच्या अतिशिथिल सांध्यांच्या प्रकारात हे गृहीतक टिकत नाही. संयोजी ऊतकाच्या दोषामुळे सांधा स्वाभाविक मर्यादा सहज ओलांडतो, आणि सांध्याच्या स्थितीचे भानही पुष्कळदा मंद असते. ‘शक्य तितके’ याचा अर्थ तेथे ‘इजा होईपर्यंत’ असा होऊ शकतो.

1973 साली प्रसिद्ध झालेल्या बेटन मापनात गुडघे न वाकवता दोन्ही तळहात जमिनीला टेकविण्यास नवांपैकी एक गुण आहे. केवळ त्यावरून निदान होत नाही, हे खरे. तथापि पादहस्तासनाच्या वर्णनात हीच कृती प्रावीण्याची खूण ठरते. एका संहितेतील लक्षण दुसरीत साध्य होते. ‘लवचिकता’ हा शब्द, म्हणून, निखालस गुणवाचक मानता येत नाही.

क्रियापदांचा विचार अधिक उद्बोधक आहे. ‘ताण देणे’ यात कर्त्याचे नियंत्रण गृहीत आहे. ‘ताण पडणे’ यात ते नाही. निरोगी शरीरात या दोहोंत पुरेसे अंतर असते. येथे ते जवळजवळ उरत नाही. ‘गुडघे ताठ ठेवा’ ही सूचनाही अशीच सदोष आहे. ‘ताठ’ या शब्दाला मागची सीमा नाही, आणि शिथिल गुडघा सरळ रेषेच्याही मागे जातो. ‘सरळ ठेवा, मागे रेटू नका’ असे म्हणणे इष्ट.

याउलट ‘व्यायाम वर्ज्य’ हा सरसकट निषेधही तितकाच सदोष होय. सैल सांध्याला आधार स्नायूंचाच; ते दुर्बल झाल्यास अस्थिरता वाढते. हालचालीच्या मधल्या टप्प्यात, अल्प भाराने आणि सावकाश वाढविलेला स्नायुबलाचा व्यायाम, पाण्यातील व्यायाम, तोल सांभाळण्याचा सराव हे उपाय उपयुक्त मानले जातात. परंतु 2017 च्या वर्गीकरणात या लक्षणसमूहाचे 13 प्रकार आहेत. रक्तवाहिन्यांच्या प्रकारात धमनी फाटण्याचे भय असते. तेथे जड वजन उचलणे आणि धक्काबुक्कीचे खेळ टाळावे लागतात. प्रकाराचा उल्लेख न करता दिलेली सूचना, म्हणून, अपुरीच समजली पाहिजे.

सारांश, अशा वाचकासाठी लिहिताना मर्यादा त्याच्या संवेदनेवर न सोपविता वाक्यातच सांगितली पाहिजे: कोन किती, भार किती, थांबावयाचे कोठे. येथे शब्दांची काटेकोर निवड हा शैलीचा अलंकार नसून उपचाराचाच एक भाग आहे.