तीन दिवसांची गौर

बांधणीच्या दृष्टीने सर्वांत नेटका सण कोणता, असं कुणी विचारलं तर मी भाद्रपदातल्या गौरींकडे बोट दाखवीन. अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. तिथीपेक्षा नक्षत्राला मान, आणि लागोपाठच्या तीन नक्षत्रांत एका माहेरवाशिणीचं येणं, राहणं आणि निघणं.

पहिला दिवस पाहा. दारात पाय धुऊन हळदीकुंकवाच्या पावलांवरून गौर आत येते, पण थेट मखरात जात नाही. आधी तिला स्वयंपाकघर, धान्याची कोठी, गोठा असं सगळं घर दाखवतात. लेक माहेरी आली की पहिल्यांदा घरभर फिरतेच. नैवेद्यही भाजी-भाकरीचा. प्रवासानं शिणलेल्या लेकीला आल्या आल्या पक्वान्न नको, हे ज्या बाईला कळलं तिनंच हा बेत ठरवला असणार. पुरणपोळी, सोळा भाज्या, कोकणात घावन-घाटलं, हा थाट दुसऱ्या दिवशीचा. तिसऱ्या दिवशी हळदीत रंगवलेल्या सुताला गाठी पाडायच्या, मुखवटे जागेवरून जरासे हलवायचे, की निरोप झाला.

देवीचं रूप मात्र घराघरांत निराळं. कुठे पितळी मुखवट्यांच्या गौरी साड्या नेसून उभ्या, पोटात गहू-तांदूळ. विदर्भात त्याच महालक्ष्म्या, सोबत त्यांची बाळं. अनेक कोकणस्थांकडे पाणवठ्यावरून मुक्यानं आणलेले खडे. सगळ्यांत सरस मला वाटते ती तेरड्याची गौर. बांधावरचं पावसाळी झुडूप मुळांसकट आणायचं, मुळांना तिची पावलं मानायचं आणि त्यालाच साडी-दागिने घालायचे. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपण नाक मुरडून म्हणतो. गौरीचा मुक्कामही तेवढाच, म्हणून तर तिचं एवढं कोडकौतुक!

हल्ली गौरींपुढचे देखावे वाढले आहेत. हौसेला मोल नाही, हे खरं. पण पहिल्याच दिवशी सगळी आरास आणि सगळी पक्वान्नं मांडली, तर दुसऱ्या दिवसाला चढायला पायरी उरत नाही. या सणाची गोडी त्या चढत्या क्रमात आहे. तेव्हा यंदा आरास थोडी कमी झाली तरी चालेल. आपल्याकडे आवाहनाच्या दिवशी कोणती भाजी करतात, शेपूची, मेथीची की अळूची, ते मात्र घरातल्या जाणत्या बाईला विचारून लिहून ठेवा.